हळद्या कुठं पळत होता

नानीबाईचं म्हणणं एवढंच होतं, की कुत्रं मरायला टेकलं असताना फोन धरून उभी राहणारी बाई तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि ती नेमकी तिच्याच घरात सून म्हणून यावी. हे तिनं आधी लेकाला ऐकवलं, मग शेजारच्या सखुबाईला, मग पाणी भरायला आलेल्या बायांना, आणि दिवस वर येईपर्यंत तांड्यावर ज्याला कान होते त्या प्रत्येकाला.

"तिकडं जित्राब तडफडून राहिलं," ती सांगे, "आन हिकडं आमची रुपाराणी शिनिमा काढून राहिली. कांदा आणला न्हाई, पाणी मारलं न्हाई. खांबावानी उभी."

सांगताना ती उजवा हात वर करी. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून रक्त उमटलं होतं. फडकं रुपानंच बांधलं होतं. त्याआधी नळाखाली हात धरून साबणानं कितीतरी वेळ धुतलाही होता. नानीबाई ते सांगत नव्हती. तेवढं सांगायचं राहून जात होतं.

झालं होतं ते असं. शिरड शहापूरच्या पुढं, रस्त्यापासून आत असलेल्या त्यांच्या तांड्यावर सध्या घरोघर हळद शिजत होती. नानीबाईच्या अंगणातही सकाळपासून कुकर पेटला होता. वाफेवर शिजलेली हळद खोऱ्यानं ओढून ताडपत्रीवर पसरायची, निवली की उन्हात सरकवायची. हळद्या कुत्रा रोजच्यासारखा ढिगाच्या कडेला बसला होता. रंगानंही तो शिजल्या हळदीसारखाच, म्हणून त्याचं नाव हळद्या. जेमतेम तीन वर्षांचा गडी. रानडुकरं हळदीचे वाफे उकरतात, तर हा एकटा अख्ख्या कळपाच्या मागं लागायचा.

तो उठला, दोन पावलं चालला आणि कोणी ढकलल्यासारखा कुशीवर पडला. मान मागं ताणली गेली. मग चारी पाय सुटले, तोंडाला फेस आला, अंगाखाली ओलं झालं.

नानीबाईला उपाय विचारायची सवय नव्हती, करायची होती. माणसाला फीट आली की काय करतात ते तिला तोंडपाठ होतं. तिनं पायातली चप्पल काढून कुत्र्याच्या नाकाला लावली. जीभ आत जाऊ नये म्हणून खुरप्याचा लाकडी दांडा त्याच्या दातांत घालायला गेली. दांडा सरकला आणि दात तिच्या हातावर बसले. मनगटापासून वर हातभर बलिया होत्या, त्या पांढऱ्या बांगड्यांनी मनगट वाचवलं, तळहाताची कड फाटली.

कुत्रं चावलं, तोंडाला फेस होता. एवढ्या दोन गोष्टी तांड्यावर पोचायला किती वेळ लागणार?

हिरासिंग नायक काठी घेऊनच आला. तो तांड्याचा नायक, नात्यानं नानीबाईचा दीर. बोलायला हळू, पण बोललेलं मागं न घेणारा.

"भाबी, कुत्रं पिसाळलं हाय," तो म्हणाला. "लेकरं खेळतेत हितं. दिवस मावळायच्या आत त्याला संपवावं लागंल."

"माझ्या दारातलं कुत्रं हाय, नायक."

"दार तुमचं, तांडा सगळ्यांचा."

 हिरासिंगचा धाकटा भाऊ लहानपणी असाच गेला होता. कुत्रं चावलं होतं, मग महिन्यानं पोरगं पाण्याचा तांब्या पाहून भिंतीला चिकटायला लागलं. ते हिरासिंगनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या हातातली काठी उगाच नव्हती, हे नानीबाईला कळत होतं.

हळद्या आता ओट्याखाली बसला होता. कुणीतरी रात्रभर झोडपल्यासारखा. तिच्याकडं पाहून त्यानं शेपटी हलवायचा प्रयत्न केला, ती अर्धीच हलली.

तेव्हा रुपा बोलली. तीन वर्षांत चुलत सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे ओढणीचा पदर तोंडावर आणि आवाज पदरातून. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"याडीला इंजेक्शनसाठी हिंगोलीला न्यायचंच हाय. टेम्पो जाऊन राहिला. हळद्याला बी नेऊ. डाक्टर म्हणाले पिसाळलं, तर तिथंच काय ते होईल."

रामप्रसाद, नानीबाईचा लेक, आईकडं पाहू लागला. कुठल्याही गोष्टीत आधी आईकडं पाहायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं काम.

"घाल टेम्पोत," नानीबाई म्हणाली. सुनेचं ऐकलं असं दिसू नये म्हणून पुढं म्हणाली, "मी हेच बोलणार व्हते."

"परत येईस्तोवर थांबतो," हिरासिंग म्हणाला, आणि अंगणातल्या बाजेवर काठी आडवी ठेवून बसला.

हिंगोलीत सरकारी दवाखान्यात नानीबाईला सुया टोचल्या, पुढं केव्हा केव्हा यायचं ते रामप्रसादला सांगितलं. मग ते जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी निघाली, डोक्याला हिजाब, बाह्या वर सारलेल्या. डॉ. अफशीन. नानीबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मोठा डाक्टर कधी येतो?"

"मीच मोठी, आजी. लहान कुणी ठेवलं नाही अजून." ती हळद्यापासून हातभर दूर उकिडवी बसली आणि त्याच्या डोळ्यांकडं पाहत म्हणाली, "काय झालं ते सांगा. तुम्ही पाहिलं तेवढंच."

नानीबाईनं सांगायला घेतलं. कुत्रं कसं हातभर उंच उडालं, कसं सगळ्यांवर धावून आलं, अर्ध्या घंट्यापर्यंत कसं तडफडलं, आणि ती स्वतः नसती तर जीभ कशी घशात गेली असती. डॉक्टर ऐकत होती. ऐकताऐकता तिची कपाळावरची आठी वाढत होती.

"धावून आलं? पडायच्या आधी की नंतर?"

नानीबाई आठवू लागली. आधी की नंतर, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

रुपानं फोन पुढं केला. "म्याडम, ह्याच्यात हाय सगळं."

डॉक्टरनं एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा मध्येच थांबवून कुत्र्याच्या डोळ्यावर बोट ठेवलं. मग फोन नानीबाईपुढं धरला. "आजी, तुम्हीपण बघा."

पहिल्यांदा चित्र हललं. एक पाय आला आणि हळद्याच्या डोक्याजवळ पडलेलं लोखंडी खोरं त्यानं बाजूला सारलं. तो पाय रुपाचा होता. मग ताडपत्री दिसली, आणि तिच्यावरची गरम हळद घाईघाईनं मागं ओढणारा एक हात. तो हातही रुपाचाच. मग चित्र स्थिर झालं. कुत्रा पडलेला, पाय चालू. आणि एक म्हातारी त्याच्यावर वाकून चप्पल नाचवत, ओरडत, त्याच्या तोंडात दांडा कोंबत होती.

कोण ही येडी, असं नानीबाईच्या मनात आलं, आणि लगेच तिनं स्वतःच्या ओढणीवरचे आरसे ओळखले.

कुत्रं उडालं नव्हतं. कुणावर धावलं नव्हतं. हात त्याच्या तोंडात गेला होता, तोंड हाताकडं आलं नव्हतं. आणि अर्धा घंटा तर सोडाच, चुलीवरचं दूध वर यायच्या आत सगळं संपलं होतं.

"हे काढलं ते फार बराबर केलं," डॉक्टर रुपाला म्हणाली. "इथं येईपर्यंत प्रत्येक कुत्रा ठीक झालेला असतो. मला झटका दिसतच नाही कधी. काहून काढलं पण? सुचलं कसं?"

रुपानं सासूकडं पाहिलं नाही. "मागच्या पंधरवड्यात पहाटं झाडायला उठले तवा बी असंच झालतं म्याडम. एकलीच व्हते. घरात सांगितलं तर समद्यांनी म्हणलं, झोपंत सपान पाहिलं आसंल." तिनं फोनकडं बोट केलं. "म्हणून ह्या खेपेला धरून ठेवलं."

समद्यांनी कोण, ते नानीबाईला पक्कं ठाऊक होतं. झोप झाली नसंल तुझी, जा तोंड धू, असं तीच म्हणाली होती. तिनं भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडं पाहायला सुरुवात केली.

डॉक्टरनं सांगितलं ते असं. ही मिरगी दिसते, फेफरं. माणसाला येतं तसंच कुत्र्यालाही येतं. पिसाळणं यापेक्षा वेगळं. पण दोन सालांपूर्वी एकदाच लस दिलेली, मग राहून गेलेली, आणि चावा लागलेला आहे, तेव्हा तोंडानं खात्री देणार नाही. दहा दिवस बांधून ठेवा, नजर ठेवा. पिसाळलेलं असेल तर ते तेवढ्यात लपत नाही, बिघडत जातं आणि मरतं. आजींच्या सुया मात्र चुकवायच्या नाहीत. कुत्र्याचं रक्त तपासायला घेते, आणि गोळ्या आजपासूनच.

"गोळीनं बरं व्हतंय?"

"बरं नाही, काबूत राहतं. रोज सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळेला. बरं वाटतंय म्हणून एक दिवसही बंद करायची नाही. एकदम बंद केली तर जास्त जोरानं येतं. बीपीच्या गोळीसारखं समजा."

"म्हणजे माझ्यावानी," नानीबाई म्हणाली.

"तुमच्यासारखंच. तुम्ही चावत नाही एवढं."

"त्ये माझ्या सुनेला इचारा," नानीबाई म्हणाली, आणि रुपा पदराआड हसली.

पण मग नानीबाईनं खरा प्रश्न विचारला, जो सकाळपासून तिच्या पोटात होता. "त्याला व्हतंय काय पण? कोण हालवतं त्याला?"

डॉक्टरनं हळद्याच्या डोक्यावर, दोन कानांच्या मध्ये हात ठेवला. "कुणी बाहेरचं नाही, आजी. ह्याच्या आत, मेंदूत, सारखी बारीक बारीक वीज खेळत असते. तुम्ही हात उचलता, पापणी मिटता, ते त्या विजेवर. रांगेनं, एकामागून एक. कधीकधी ती रांग मोडते आणि सगळीकडं एकाच वेळी चमकते. मग अंगाला कुणाचाच हुकूम राहत नाही. त्याला ते कळतही नाही. तो तिथं नसतोच तेवढा वेळ."

"माझ्या डोक्यात बी हाय, ती वीज?"

"सगळ्यांच्या."

नानीबाईनं ओढणीखालून हात घालून डोकं चाचपलं. पिकले केस, तेल, कवटी. इतकी वर्षं ती हे डोकं घेऊन फिरत होती. त्यावर हंडे वाहिले, त्यानं घरं चालवली, भांडणं जिंकली. आत असं काही चाललंय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परत येताना टेम्पोत ती पुन्हा पुन्हा डोकं चाचपत होती. रामप्रसादनं दोनदा विचारलं, चक्कर येऊन राहिली का. ती बाहेर पाहत होती. रस्त्याच्या कडेला बैलजोडी उभी होती, त्यांच्या डोक्यात वीज. सायकलवर खाद्याची गोणी घेऊन चाललेला माणूस, त्याच्या डोक्यात वीज. पुढं बसलेला तिचा लेक, ज्याच्या डोक्यात काही नाही असं ती रोज म्हणायची, त्याच्याही डोक्यात. मागं गोण्यांवर कुत्र्याला कवेत घेऊन बसलेली सून. दर माणसात, दर जनावरात रांगेनं चमकणारं काहीतरी, आणि ती रांग बहुतेक वेळ मोडत नाही. मोडते त्याचं नवल करायचं, की मोडत नाही त्याचं? तिला ठरवता येईना.

हिरासिंग बाजेवर तसाच बसला होता. नानीबाईनं डॉक्टरचं सगळं सांगितलं, या खेपेला मीठमसाला न लावता. आणि म्हणाली, "गोठ्यात बांधते. माझी बाज तिथंच टाकते. बिघडलं तर दोर माझ्याच हातानं तुमच्या हातात देईन. पण तवर त्याच्या अंगावर काठी नगं."

हिरासिंगनं काठी उचलली, पण टेकायला. "रोज येऊन बघीन," तो म्हणाला.

आणि तो रोज यायला लागला. सकाळचा चहा झाला की गोठ्याच्या दाराशी काठी टेकून उभा. कुत्रं खातं का, कुणाला ओळखतं का, एवढं पाहायचा आणि जायचा. हळद्या खायचा, पूर्वीपेक्षा जास्तच. गोळीनं त्याला भूक लागायची आणि चालताना मागचे पाय दारू प्यायल्यासारखे जायचे. त्याची गोळी भाकरीच्या मऊ तुकड्यात, नानीबाईची चहाबरोबर. आधी त्याची, मग तिची. चुकवायची सोय राहिली नव्हती, कारण आता एकाला दिली की दुसऱ्याची आठवण व्हायचीच.

रुपा जाता-येता कुत्र्याकडं पाहायची. नानीबाईला वाटायचं, भाकरी करपेल अशानं. एकदा करपलीही.

मग एके सकाळी, हिरासिंग दाराशी उभा असतानाच, हळद्या उठला, रिकाम्या कोपऱ्याकडं टक लावून पाहू लागला, आणि येऊन रुपाच्या पायाला डोकं दाबून उभा राहिला.

"याडी," रुपा म्हणाली, "येऊन राहिलं."

"काय येऊन राहिलं?"

त्या पहाटेही पडायच्या आधी तो असाच रुपाला येऊन टेकला होता. खाली बसून ती त्याच्या गळ्यातला दोर सोडू लागली.

हिरासिंगची काठी जमिनीवरून उठली. "भाबी, तुमची सून कुत्रं मोकळं सोडून राहिली."

"दोरानं फास बसंल त्याला," रुपा म्हणाली. तिच्या तोंडावर पदर नव्हता, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

नानीबाईपुढं दोन्ही होते. नायकाची काठी, जिच्यामागं एक मेलेलं पोरगं उभं होतं. आणि सुनेची बोटं, जी गाठ सोडत होती. कुणाला तरी आता अडवायला हवं होतं, आणि तांड्यात हे काम आजवर तिच्याशिवाय कुणी केलं नव्हतं.

"नायक," ती म्हणाली, "काठी खाली."

ती दारात, हिरासिंग आणि कुत्र्याच्या मध्ये, जमिनीवर बसली. गाठ सुटली आणि त्याच क्षणी हळद्या पडला.

रुपानं पाण्याचं घमेलं लांब सरकवलं. दावणीच्या खुंट्याला पोतं गुंडाळलं. मग फोन काढला आणि मागं सरून गुडघ्यावर बसली. नानीबाईचा चांगला हात आपोआप चपलेकडं गेला. तिनं तो मागं ओढला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसली. आयुष्यात ती कधी रिकाम्या हातांनी बसली नव्हती. कुत्र्याला काही होण्यापेक्षा तिला तेच जड गेलं.

आणि हात अडकले म्हणून डोळे मोकळे झाले.

तिनं पाहिलं की तो तडफडत नव्हता. तो पळत होता. आडवा पडून, जमिनीला कूस लावून, चारी पायांनी पळत होता. पुढचे दोन, मागचे दोन, एका तालात. डोळे उघडे, पण ते या गोठ्यातलं काही पाहत नव्हते. नाकपुड्या फुललेल्या. तिला तिच्या आजेसासऱ्याच्या गोष्टी आठवल्या. तांडा जेव्हा एका जागी नव्हता, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख चालायचा, तेव्हा लदणीच्या दोन्ही अंगांनी कुत्री पळायची. दिवसभर. बैल थांबला तरी कुत्रं थांबत नसे. हळद्यानं ते कधी पाहिलं नव्हतं, तिनंही नाही. पण पाय तसेच चालले होते, जणू त्या सगळ्या वाटा त्या एवढ्याशा डोक्यात कुणी गुंडाळून ठेवल्या होत्या आणि विजेनं त्या एकदम उलगडल्या.

कुठं पळून राहिला बाबा, तिनं मनात विचारलं.  बाहेर कुकरची वाफ सुसकारत होती.

मग पाय सावकाश झाले. एक थांबला, दुसरा थांबला. पोट भात्यासारखं वरखाली होऊ लागलं. तो उठला, पण तो हळद्या नव्हता. आंधळ्यासारखा गव्हाणीला धडकला, वळला, भिंतीला धडकला. नानीबाईच्या अंगावरून गेला, तिला न ओळखता, आणि सरळ हिरासिंगच्या पायांवर जाऊन आदळला.

हिरासिंग हलला नाही. काठी त्याच्या मुठीत तशीच होती.

"हात लावू नका, मामंजी," रुपा हळू म्हणाली. "त्याला येऊ द्या परत."

हळद्यानं नायकाच्या पायाचा वास घेतला. काठीचा वास घेतला. तिथून नाक जमिनीला लावून, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा तो मागं फिरला. घमेल्यापाशी आला. थांबला. आणि पाणी पिऊ लागला. खूप प्यायला, जिभेचा लपलप आवाज अख्ख्या गोठ्यात भरला. हिरासिंग त्या पाण्याकडं बघत होता, कुत्र्याकडं नाही. पाण्याला भिणारं ते पोरगं त्याच्या डोळ्यांपुढं असणार, हे नानीबाईनं ओळखलं.

पाणी पिऊन हळद्यानं मान वर केली. नजर फिरत फिरत नानीबाईवर आली, पुढं गेली, परत आली. आणि ती थांबली. एखाद्या अंधाऱ्या घरात आतून दिवा लावत कुणी दारापर्यंत यावं, तसं त्याच्या डोळ्यांत कुणीतरी आलं. तो आला. शेपटी हलली. तो लटपटत तिच्यापर्यंत पोचला आणि फडकं बांधलेल्या हाताला त्यानं नाक लावलं.

नानीबाईनं मांडीखालून हात काढले. ते मुंग्या येऊन बधिर झाले होते. तिनं बाळंतपणं केली होती, माणसांना माती दिलेली पाहिली होती. जन्माला येणं तिला ठाऊक होतं, जाणं ठाऊक होतं. जाऊन परत येणं तिनं आज पाहिलं.

हिरासिंगनं काठी दाराच्या कडेला बाहेरून उभी केली आणि रिकाम्या हातानं आत आला. "दहा दिवस व्हऊ द्या बराबर," तो म्हणाला. "तवर मी येतो रोज. च्या ठेवत जा एक कप."

तो गेल्यावर रुपा फोन पुसून ओढणीत खोचत होती. तेव्हा कुठं तिला पदराची आठवण झाली आणि ती तो घाईनं ओढू लागली.

"ऱ्हाऊ दे," नानीबाई म्हणाली. "हिकडं ये. बस."

रुपा बसली. आता काय ऐकावं लागणार, या धाकानं मान खाली.

"भाकरी तुझी अजून बी कडंला कच्ची ऱ्हाते. त्ये मी मरस्तोवर बोलणार हाय, सोडणार न्हाई. पण एक आईक. उद्या मला कायबी झालं, पडले, डोळं फिरवले, तर माझ्याजवळ तू बसायचं. रामप्रसादला बसवू नगं, त्यो रडत बसंल. सखुबाईला बोलवू नगं, ती चप्पल घिऊन यील. तूच बस, आन बघ. मी कुठं बी गेलेली असले, तरी परत आल्यावर पयलं तोंड मला तुझंच दिसलं पायजे."